दात उपटण्याआधी हाडाचा फोटो



शिमग्याची पालखी देवळात परतली. वालाच्या शेंगा झोडून झाल्या. राब भाजायला अजून थोडा अवकाश आहे. महाड-पोलादपूरकडे वर्षातले हे दिवस त्यातल्या त्यात मोकळे. याच दिवसांत, २० मार्चला, महाडच्या चवदार तळ्यावर माणसांची रीघ लागते. १९२७ साली याच तारखेला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले, हे आपणा सर्वांना ठाऊक आहे. २०१३ पासून हीच तारीख जगभर ‘जागतिक मुखआरोग्य दिन’ म्हणूनही पाळली जाते. दोहोंचा एकमेकांशी संबंध नाही, तारखा जुळल्या एवढेच. पण ‘चवदार’ या शब्दावरून आजचा विषय सुचला. चव घ्यायची तर तोंड शाबूत हवे. नाचणीची भाकरी, भाजलेली सुकट, चुलीत भाजलेल्या काजूच्या बिया हे सारे दातांवाचून व्यर्थ. दात आहेत तेव्हा चणे नाहीत आणि चणे आहेत तेव्हा दात नाहीत, ही म्हण आपल्याकडे उगाच पडलेली नाही.

तुम्ही म्हणाल, खते-बियाण्यांवर लिहिणारे साहेब आज दातांवर कसे आले? मी दंतवैद्य नव्हे. पण हलणाऱ्या दाताची तक्रार ही मुळाची आणि मुळाभोवतीच्या आधाराची तक्रार आहे, आणि ती शेतकऱ्याला जितकी चटकन समजेल तितकी दुसऱ्या कोणाला समजणार नाही. दंतवैद्यांकडून समजून घेतलेले शेतकऱ्याच्या भाषेत सांगतो.

बांध फुटतो तो तळातून

वरकस जमिनीच्या उतारावर आंब्याचे झाड उभे असते. दर पावसाळ्यात थोडी थोडी माती वाहून जाते. झाड हिरवे असते, मोहरतेही. मग एका वर्षी मुळे उघडी पडलेली दिसतात आणि वाऱ्याबरोबर खोड डुलू लागते. दाताचेही तसेच आहे. दात म्हणजे झाड, जबड्याचे हाड म्हणजे जमीन, आणि हिरडी म्हणजे वरचे गवत. गवत हिरवे दिसले म्हणून खालची माती जाग्यावर असेलच असे नाही.

ही माती कशाने जाते? जेवणानंतर दातांवर जंतूंचा पातळ चिकट थर बसतो. रोज नीट घासला तर तो निघून जातो. राहिला तर लाळेतला चुना त्यात मुरून काही दिवसांतच त्याचा दगड होतो. त्याला आपण कीटण म्हणतो. कीटण ब्रशने निघत नाही. त्यावर आणखी जंतू बसतात, हिरडी सुजते, घासताना रक्त येते. इथपर्यंत दुखणे फक्त हिरडीचे असते आणि नीट सफाईने पूर्ण बरे होते. दुर्लक्ष झाले की सूज खाली उतरते, हिरडी दातापासून सुटते, मध्ये खोबण पडते आणि मुळाभोवतीचे हाड झिजू लागते. यालाच लोक पायोरिया म्हणतात. हिरडीची सूज उतरवता येते, पण झिजलेले हाड सहसा परत येत नाही. सारा फरक या एका गोष्टीत आहे.

आणि हे दुखणे दुखत नाही. किडलेली दाढ रात्री झोपू देत नाही, म्हणून माणूस दवाखाना गाठतो. हिरडीचा रोग मात्र वर्षानुवर्षे गुपचूप चालतो. दात हलू लागतो तेव्हा पुष्कळ माती वाहून गेलेली असते. २००२-०३ साली देशभर झालेल्या पाहणीत ३५ ते ४४ वयाच्या दहा माणसांतील जवळजवळ नऊ जणांच्या हिरड्यांत काही ना काही दोष आढळला होता. सगळ्यांचे हाड झिजले होते असे नव्हे. कोणाला नुसते रक्त येत होते, कोणाला कीटण होते. पण सुरुवात किती घरांत झालेली आहे, ते यावरून कळावे.

मशेरी रोग झाकते

माझ्या माताभगिनींना एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. आपल्याकडे तव्यावर तंबाखू भाजून मशेरी लावण्याची चाल आहे. सकाळी एकदा, दुपारी भांडी घासल्यावर एकदा, रात्री निजताना एकदा. बऱ्याच जणी म्हणतात, “मशेरी लावली की हिरड्या घट्ट राहतात, रक्त येत नाही.” रक्त कमी येते हे काही वेळा खरे असते, पण त्याचे कारण वेगळे आहे. तंबाखूमुळे हिरडीतल्या बारीक रक्तवाहिन्या आखडतात. रोग आत चालू राहतो आणि रक्त ही जी धोक्याची खूण, तीच दिसेनाशी होते. गुरे शिरल्याची वर्दी देणारा राखणदारच झोपवून ठेवावा, तसा हा प्रकार.

दात घासण्याच्या पावडरीत आणि पेस्टमध्ये तंबाखू घालण्यास सरकारने १९९२ सालीच बंदी केली. पण घरच्या तव्यावर कोण बंदी घालणार? २०१६-१७ च्या पाहणीत महाराष्ट्रातील चार प्रौढांमागे जवळजवळ एक जण धूर न काढता तंबाखू वापरणारा निघाला. असल्या तंबाखूने तोंडाचा कर्करोग होतो, हे आता वादाचे राहिलेले नाही. हिरडीचे दुखणे हा त्याच वाटेवरचा अलीकडचा मुक्काम आहे.

डोळ्यांना दिसत नाही ते कसे पाहावे?

दंतवैद्य हिरडीची तपासणी दोन रीतींनी करतात. पहिली रीत मोजपट्टीची. खुणा असलेली एक बारीक सळई दात आणि हिरडी यांमध्ये हलकेच उतरवतात. एका दाताभोवती सहा जागी मोजतात. सळई १ ते ३ मिलिमीटर उतरली तर ठीक. ४ मिलिमीटर किंवा अधिक उतरली तर खोबण झाली. ६ मिलिमीटरच्या पुढे गेली तर दुखणे खोल गेले. विहिरीत दोर सोडून पाणी किती खाली गेले ते पाहावे, तसेच हे.

दुसरी रीत फोटोची. गावात आपण ‘फोटो काढला’ म्हणतो तो एक्स-रे. जर्मनीतील शास्त्रज्ञ रोंटगेन यांना १८९५ च्या नोव्हेंबरात हे किरण सापडले आणि दोनच महिन्यांत, जानेवारी १८९६ मध्ये, ओटो वाल्कहोफ या त्यांच्याच देशातील दंतवैद्याने दातांचा पहिला फोटो काढविला. त्यासाठी सुमारे पंचवीस मिनिटे किरणांपुढे तोंड धरून बसावे लागले होते! आज तेच काम डोळ्याची पापणी लवते न लवते तोच होते.

सळई खोबण किती आहे ते सांगते, फोटो हाड किती उरले ते सांगतो. एकाने दुसऱ्याचे काम होत नाही. नुसता फोटो पाहून किंवा नुसते तोंड पाहून “सगळे काढून टाका” असे कोणी म्हणाले, तर दुसरी तपासणीही करून घ्यायला सांगावे.

फोटोंचे प्रकार

दवाखान्यात गेल्यावर तीन-चार नावे कानांवर पडतील. त्यांचा अर्थ माहीत असला म्हणजे गोंधळ होत नाही.

पहिला, एका-दोन दातांचा छोटा फोटो. पूर्वी तोंडात लहानशी फिल्म धरीत. आता बहुतेक ठिकाणी वायर लावलेली चपटी चकती धरतात आणि चित्र लगेच पडद्यावर उमटते. याला दंतवैद्य ‘आरव्हीजी’ म्हणतात. मुळाच्या टोकापर्यंत सारे दिसते. एकेका दाताभोवतीचे हाड बारकाईने पाहायला हाच चांगला. फक्त तो सरळ धरून काढला पाहिजे. सकाळची सावली लांब पडते आणि दुपारची आखूड, तसेच इथे आहे. किरणांचा कोन चुकला तर हाड असते त्याहून उंच किंवा खुजे दिसते. म्हणून चकती धरायला खास पकड वापरतात. तोंडात ती जराशी टोचते, पण तेवढे सोसावे.

दुसरा, चावून धरायचा फोटो. वरच्या व खालच्या दाढा मिटून पट्टी चावायची. यात दोन दाढांमधल्या हाडाचा माथा फार स्वच्छ दिसतो. रोगाची सुरुवात तिथूनच होत असल्याने लवकर शोध घ्यायला हा उपयोगी. हाड बरेच खाली गेलेले असेल तर हीच पट्टी उभी धरतात.

तिसरा, पूर्ण जबड्याचा फोटो, म्हणजे ‘ओपीजी’. यंत्रापुढे उभे राहायचे, हनुवटी टेकवायची आणि यंत्र डोक्याभोवती फिरते. तोंडात काही घालावे लागत नाही. बत्तीसच्या बत्तीस दात आणि दोन्ही जबडे एका चित्रात येतात. डोंगरावर उभे राहून सारा शिवार पाहावा, तसा हा फोटो. शिवाराचा अंदाज येतो, पण कोणत्या बांधाला भगदाड आहे ते पाहायला खाली उतरावेच लागते. पुढच्या दातांचा भाग यात अनेकदा पुसट येतो. म्हणून ओपीजी काढूनही संशयाच्या दातांचे छोटे फोटो पुन्हा काढायला सांगितले, तर डॉक्टर उगाच पैसे घेतात असे समजू नये.

चौथा, ‘सीबीसीटी’. बाकीचे फोटो सपाट असतात, पुढचे-मागचे एकावर एक दिसते. यात जबड्याचे चित्र चोहोबाजूंनी फिरवून, पाहिजे तिथे काप घेऊन पाहता येते. दाढेच्या दोन मुळांच्या बेचक्यात हाड किती गेले, गालाकडची भिंत उरली आहे का, हे कळते. खर्च आणि किरण दोन्ही जास्त, म्हणून हा प्रत्येकाला लागत नाही. शस्त्रक्रिया करायची असेल किंवा कृत्रिम दात हाडात रोवायचा असेल, तरच तो बहुधा काढतात.

फोटो वाचावा कसा?

डॉक्टरांना सांगा, “जरा मला दाखवा.” चांगला डॉक्टर आनंदाने दाखवील. फोटोत घट्ट वस्तू पांढरी दिसते, पोकळी काळी. दात पांढरा, हाड राखाडी आणि जाळीदार, हिरडी जवळजवळ दिसतच नाही.

दातांचे डोके जिथे संपते आणि मूळ सुरू होते, तिथे मान आहे. निरोगी माणसाचे हाड या मानेच्या १ ते २ मिलिमीटर खाली असते. शेताच्या पातळीत बांधाचा माथा असावा तसे. हाड त्याहून खाली गेलेले दिसले तर तेवढी माती वाहून गेली असे समजावे. सगळीकडे सारखेच खाली गेले असेल तर ती सरसकट धूप. एखाद्याच मुळालगत खोल खड्डा पडलेला दिसला तर ती घळ. घळीवर काही वेळा शस्त्रक्रिया करून, हाडाची भर घालून थोडे कमावता येते. सरसकट धूप मात्र आहे तिथेच रोखणे, हाच मार्ग.

२०१८ साली प्रसिद्ध झालेली नवी वर्गवारी आता जगभरचे दंतवैद्य वापरतात. तीत सर्वांत जास्त झिजलेल्या दाताकडे पाहतात. मुळाच्या लांबीच्या १५ टक्क्यांहून कमी हाड गेले असेल तर सुरुवात. १५ ते ३३ टक्के, तर मध्यम. त्याच्याही पुढे, तर गंभीर. दुसरा हिशेब वेगाचा आहे आणि तो मला फार आवडला, कारण तो कोणीही बोटांवर करू शकतो. जितके टक्के हाड गेले, त्याला वयाने भागा. उत्तर पाव भागाहून कमी आले तर रोग सावकाश चालला आहे. पाव ते एक, तर मध्यम वेगाने. एकाच्या वर गेले तर वेगाने.

उदाहरण घेऊ. सत्तर वर्षांच्या आजोबांचे १५ टक्के हाड गेले आहे. पंधराला सत्तरने भागले तर एक-पंचमांशाच्या आसपास येते. आजोबांनी दात जपले, त्यांना शाबासकी द्यावी. चाळीस वर्षांच्या सुनेचे ५० टक्के गेले आहे. पन्नासला चाळीसने भागले की सव्वा. घरात काळजी कोणाची करायची, ते आकड्यानेच सांगितले. आपल्याकडे मात्र दात म्हटले की आजोबांना दवाखान्यात नेतात आणि सून मशेरी लावून कामाला लागते.

त्यात मधुमेह असेल तर रोगाचा वेग वाढतो. तीन महिन्यांची सरासरी साखर दाखवणारी रक्ततपासणी असते. तिचा आकडा ७ किंवा अधिक असला तर दंतवैद्य रोग वेगवान गटातच धरतात. उलट हिरड्यांची सूज बरी केली तर साखर ताब्यात ठेवायलाही थोडी मदत होते. म्हणून दंतवैद्याला साखरेचे सांगावे आणि साखरेच्या डॉक्टरांना हिरड्यांचे.

फोटोला काय दिसत नाही?

फोटो सर्वज्ञ नाही. हाडातले खनिज साधारण ३० टक्क्यांच्या वर गेल्याशिवाय झीज त्यात नीट दिसत नाही. म्हणजे अगदी सुरुवातीचा रोग फोटोतून निसटतो. तो हिरडीच्या रक्तानेच कळतो. दाताच्या समोरची आणि जिभेकडची हाडाची भिंत सपाट फोटोत दाताच्या सावलीत झाकली जाते. आणि तिसरी गोष्ट अशी की फोटो म्हणजे पूर ओसरल्यावरची खूण. पाणी कुठवर चढले होते ते भिंतीवरच्या रेषेवरून कळते, पण आज नदी वाढते आहे की उतरते आहे ते कळत नाही. त्यासाठी सळईची तपासणी, रक्त येते का ते पाहणे, आणि वर्ष-दोन वर्षांनी काढलेला दुसरा फोटो शेजारी ठेवणे, हेच उपाय.

किरणांची भीती

“फोटो काढला की अंगाला अपाय होतो,” ही भीती पुष्कळांना असते. थोडा हिशेब पाहू. जमिनीतून, आकाशातून, अन्नातून असे निसर्गाचे किरण आपल्या सर्वांच्या अंगावर रोज पडतच असतात. नव्या पद्धतीचा एक छोटा फोटो काढताना मिळणारे किरण साधारण एका दिवसाच्या या नैसर्गिक किरणांइतके, कधी त्याहूनही कमी असतात. ओपीजीला दोन-चार दिवसांइतके. सीबीसीटीचे मात्र काही दिवसांपासून काही महिन्यांपर्यंत, किती भाग घेतला त्यावर. म्हणून गरजेशिवाय फोटो नको आणि गरज असताना भिऊन टाळणेही नको. खत जसे माती तपासून, तसा फोटो तोंड तपासून. तपासणीआधीच सगळे फोटो काढून या, असे कोणी म्हणाले तर कारण विचारावे.

बाई गरोदर असेल तर आधी सांगावे. तातडी नसेल तर डॉक्टर फोटो पुढे ढकलतात. तातडी असेल तर काळजी घेऊन काढतात. पण गरोदरपणात हिरड्या जास्त सुजतात, म्हणून तपासणी आणि सफाई टाळू नये.

एका वाडीवरची गोष्ट

पोलादपूरकडच्या एका डोंगरवाडीवर नाचणीच्या बियाण्यासाठी जाणे झाले होते. घरातल्या वहिनींचे वय पंचेचाळीसच्या आत-बाहेर. खालचे पुढचे दात हलत होते आणि मागे एक दाढ. बाजाराच्या दिवशी बसणाऱ्या एका दात काढणाऱ्याने सगळ्या दातांचा सौदा ठरवून ठेवला होता. वहिनी म्हणाल्या, “साहेब, एकदाचे काढून कवळी बसवते. रोजची कटकट कशाला? माझ्या आईचेही याच वयात गेले.”

मी एवढेच म्हटले, “वहिनी, आंब्याची एक फांदी वाळली म्हणून बाग तोडाल का? आधी फोटो काढा, मग ठरवा.” मुलगा मुंबईहून शिमग्याला आला होता. तो त्यांना दंतवैद्याकडे घेऊन गेला. ओपीजी काढला, मग चार छोटे फोटो. पुढच्या दोन दातांना मुळाच्या टोकाशी बोटभरही आधार उरला नव्हता. ते वाचणारे नव्हते. हलणाऱ्या दाढेच्या एका मुळालगत खोल घळ होती, तिचा निर्णय नंतर करायचे ठरले. पण बाकीच्या दातांचे निम्म्याहून जास्त हाड जाग्यावर होते. वहिनींनी पडद्यावर ते स्वतः पाहिले. डॉक्टरांनी पेन्सिलीने दाखविले, “इथवर हाड असायला हवे, इथवर आहे.” त्या घरी येऊन म्हणाल्या, “इतकी वर्षे तोंड धुते, पण आत काय आहे ते आज बघितले.”

दोन दात काढले. बाकीची खोल सफाई चार खेपांत झाली. सर्वांत कठीण गेली ती मशेरी सोडणे. मुलाने सांगितले की पहिला महिना आईने घर डोक्यावर घेतले. तीन महिन्यांनी सळईने पुन्हा मोजले तेव्हा बहुतेक खोबणी आक्रसल्या होत्या. दाढ मात्र पुढे काढावीच लागली. सगळे वाचले असे मी सांगणार नाही. पण सगळे काढायला निघालेल्या बाईचे तीनच गेले आणि ती आज नाचणीची भाकरी स्वतःच्या दातांनी खाते.

उपचार आणि पुन्हा फोटो

उपचाराची पहिली पायरी सफाईची. हिरडीवरचे आणि हिरडीखालचे कीटण यंत्राने आणि हाताने खरवडतात. गोळ्या किंवा औषधी चूळ यांनी एकट्याने हा रोग जात नाही. दगड काढावाच लागतो. सफाईनंतर दोन-तीन महिन्यांनी खोबणी पुन्हा मोजतात. त्यातूनही खोल राहिल्या तर हिरडी उघडून सफाई करतात, घळीत भर घालतात. हाडात काही फरक पडला का, हे पाहायला मात्र घाई चालत नाही. हाड कलमासारखे सावकाश धरते. त्यासाठीचा फोटो सहा महिने ते वर्षाने काढतात, आणि पहिला ज्या कोनातून काढला त्याच कोनातून. नाही तर तुलना होत नाही.

पुढे दर तीन-चार महिन्यांनी सफाई-तपासणी. एकदा तण काढले म्हणून शेत जन्मभर स्वच्छ राहत नाही.

तुमचे नेहमीचे प्रश्न

सफाई केल्याने दात हलके होतात का? नाही. दातांच्या फटींत भरलेला दगड निघाला की जीभेला फट जाणवते आणि काही दिवस थंड पाणी झोंबते. कीटणाने दात धरून ठेवला होता असे वाटते, पण त्यानेच हाड खाल्लेले असते.

वरचे दात काढले तर नजर जाते का? नाही. चाळिशीत चष्मा आणि दात दोन्ही एकाच सुमारास येतात-जातात, म्हणून हा समज पडला असावा.

बाभळीची किंवा कडुनिंबाची काडी चालेल का? नीट चावून मऊ केलेली असेल तर काडी वाईट नाही, पण मागच्या दाढांच्या फटींत ती पोहोचत नाही. मऊ ब्रश दोन वेळा वापरावा. राखुंडी, विटेची पूड, मीठ जोरजोरात घासू नये. दाताची मान झिजते.

कुठे जावे?

महाड आणि पोलादपूर येथे ग्रामीण रुग्णालये आहेत, अलिबागला जिल्हा रुग्णालय आहे. दंतवैद्य कोणत्या वारी असतात, फोटोचे यंत्र चालू आहे का, हे आधी विचारून घ्यावे, म्हणजे खेप फुकट जात नाही. कशेडी ओलांडून खेडला दंत महाविद्यालय आहे, पनवेलजवळ कामोठे-खारघर भागात आहेत. मुंबईत नातेवाईक असतील तर मुंबई सेंट्रलचे नायर दंत महाविद्यालय आहे, ते १९३३ पासून चालू आहे, आणि सेंट जॉर्ज रुग्णालयाच्या आवारात शासकीय दंत महाविद्यालय आहे. महाविद्यालयात शिकणारे डॉक्टर शिक्षकांच्या देखरेखीखाली काम करतात. वेळ जास्त लागतो, खर्च कमी.

इथे एक गोष्ट आठवते. सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले करण्याचा सीताराम केशव बोले यांचा ठराव मुंबईच्या कायदेमंडळात १९२३ साली झाला. महाडच्या नगरपालिकेने तळे खुले केल्याचा ठराव १९२४ साली केला. पण ठराव कागदावर राहिला. पाणी प्यायला माणसे १९२७ साली स्वतः चालत गेली, आणि कोर्टाचा शेवटचा निकाल १९३७ साली लागला. त्या लढ्याची बरोबरी आपल्या दातदुखीशी करणे शोभणार नाही. पण त्यातला एक धडा सर्वांच्या कामाचा आहे. जे सर्वांचे म्हणून कागदावर लिहिले आहे, ते मागायला जावे लागते. रुग्णालयात दंतवैद्य नाही, यंत्र बंद आहे असे आढळले, तर ग्रामसभेत विषय मांडा, लेखी अर्ज द्या, पोच घ्या. सडकेसाठी आपण अर्ज करतो, मग तोंडासाठी का नको?

मृगाआधी करण्याची कामे

१. घरातल्या तिशीपुढच्या प्रत्येकाने एकदा हिरड्या दाखवाव्यात. बायकांनी आधी.

२. रक्त येणे, तोंडाला वास, हिरडी खाली सरकणे, दात लांब दिसू लागणे, पुढच्या दातांत नवी फट पडणे, यांपैकी काही असेल तर वाट पाहू नये.

३. दात काढण्याचा सल्ला मिळाला तर विचारावे: “फोटोत किती हाड उरले आहे? मला दाखवता का?”

४. साखर, गरोदरपण, चालू असलेली औषधे आधी सांगावीत.

५. मशेरीचा डबा बंद. एकदम जमत नसेल तर रुग्णालयात तंबाखू सोडण्यासाठी मदत मागावी.

६. फोटो सातबाऱ्यासारखा जपावा. त्यावर नाव आणि तारीख लिहावी. जुलै २०२१ च्या पुरात महाड शहरात पाणी घुसले तेव्हा कितीतरी घरांतली कागदपत्रे चिखलात गेली. म्हणून फोटो प्लास्टिकच्या पिशवीत घालून उंचावर ठेवावा, आणि मुलाच्या मोबाईलमध्येही एक प्रत असू द्यावी. दोन वर्षांनी नवा फोटो काढाल तेव्हा जुना शेजारी ठेवून पाहता येईल की बांध टिकला की खचला.

पुढच्या अंकात राब न भाजता भाताची रोपे कशी करावीत, ते पाहू. तोवर ब्रश मऊ असू द्या आणि हात हलका.